दुसरा पैसा

भोकाचा पैसा... डिंकवालीच्या ओढणीच्या काठाला लाल दोऱ्यानं टाचलेला, आणि त्यावरच्या मुकुटाला शेंड्याचा क्रूसच नव्हता. यज्ञेश्वरचा हात डिंकाच्या ढिगात होता, तो तिथेच राहिला. घासला गेला असेल, इतक्या वर्षांचा पैसा, किती वेळा धुण्याच्या धोंड्यावर आपटला असेल – असं त्यानं मनाला बजावलं खरं, पण मन कुठलं ऐकायला. ते केव्हाच त्या काठावर जाऊन बसलं होतं.

दिग्रसच्या बाजारात तो आला होता तो बाळंतिणीच्या लाडवांसाठी डिंक न्यायला. मानीबाईकडूनच घे, ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आणते, भेसळ करत नाही, असं आईनं बजावून पाठवलं होतं. आईचं सगळं असंच चोख. डिंक चोख हवा, आणि दोष द्यायचा तर तोही चोख. सव्वा महिन्यापूर्वी त्याच्या बायकोला, शोभाला, मुलगी झाली – नाकीडोळी नीटस, आणि डाव्या कानापुढं, जिथं कान गालाला चिकटतो तिथं, सुई टोचल्यासारखं बारीक भोक. ग्रहणात सुई धरली होतीस ना, आईनं विचारलं. शोभानं धरली होती, झबल्याचा बंद लावायला. झालं! तेव्हापासून ती मुलीला त्याच कुशीवर निजवते, कुणी बघायला आलं की टोपडं ओढते, आणि शिवणाचा डबा तिनं माळ्यावर टाकून दिला आहे. 'माझ्याच हातानं झालं हो,' एवढंच ती एकदा म्हणाली. ग्रहण म्हणजे नुसती सावली, हे त्याला शाळेपासून ठाऊक. पण भोक तर होतं ना! भोकाला काय सांगणार?

म्हणून तो रोज पैसे घेऊन बसायचा. लढाईत धातू वाचवायला सरकारनं पैशाचं पोटच कापून काढलं, त्या पैशांत याचा जीव अडकलेला. नवे पैसे येऊन दोन वर्षं झाली, जुने झपाट्यानं दिसेनासे झाले, आणि हा भिंगाखाली धरून बघतोय – मुकुट गोल की चपटा, सालाचा आकडा बारीक की ठसठशीत. शेजारच्या मधुसूदनला त्यानं आपला तो बिनक्रुसाचा पैसा दाखवला, तेव्हा तो हसून म्हणाला होता, कुणीतरी कानस मारली असेल रे. यज्ञेश्वरनं पैसा परत खिशात टाकला. वाद घालून उपयोग नव्हता, कारण या छंदाचा कायदाच तसा आहे: एकच नग असेल तर तो अपघात, तसाच दुसरा सापडला, तरच तो मुळातल्या ठशाचा गुण.

"डिंक पाहून राह्यले का पैसा?" मानीबाई हसली.

पैसाच, असं त्यानं कबूल केलं आणि काठ जरा पुढं धरायला विनवलं. तिनं धरला. त्यानं खिशातलं भिंग काढलं, आपला पैसा काढला, शेजारी टेकवला... क्रुसाच्या जागी डावीकडे कललेलं तेच बुटकं टोक. तेच! म्हणजे घासलं नव्हतं कुणी, कानस नाही, धोंडा नाही. कुठल्याशा टांकसाळीत, लढाईच्या धामधुमीत, पोलादी ठशात एवढासा कण बिघडला, आणि त्याखालून निघालेला एकेक पैसा बिनक्रुसाचाच जन्मला. एक त्याच्यासारख्या कारकुनाच्या खिशात आला, एक तांड्यावर गेला, आणि कुणाचा म्हणून काही अपराध नाही.

"हा बी तसाच हाये, पाहा," मानीबाईनं काठ सरकवून तिसरा दाखवला. "एका मायचे लेकरं दिसतेत. पाहिजे असन तं तोडून देऊ का?"

"नको, बाई. राहू द्या तिथंच."

एका मायचे... डिंकाची पुडी हातात, पाय घराकडे, आणि मधेच आठवला तो बाबांचा खांदा. पाच-सहा वर्षांचा तो खांद्यावर बसलेला, बाबांच्या डाव्या कानावर खोचलेला टाक, आणि कानापुढं ते बारीक भोक, ज्यात नख घालायचा त्याला नाद. हे काय हो बाबा? बाबा नुसते हसले होते. उत्तर आईनं दिलं होतं, चुलीपासून: टाक टोचला त्यांना. घरात ती थट्टाच होऊन बसली होती. एका भोकाला टाकाची गोष्ट, एका भोकाला सुईची. आणि तो, केसाएवढा फरक हुडकणारा शहाणा, दोन्ही वेगवेगळ्या पुड्यांत बांधून मोकळा! आईला ती टाकाची गोष्ट कुणी सांगितली असेल? बाबांच्या आईनं? तिनंही कधी ग्रहणात सुई धरली होती का... आणि त्या दोषातून तिला कुणी सोडवलं?

घरी आई डिंकातली साल निवडायला बसली. मुलगी त्याच कुशीवर होती. त्यानं तिला हळूच दुसऱ्या कुशीवर वळवलं. शोभाचा हात लगेच टोपड्याकडे आला, तो त्यानं धरून ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट त्यानं स्वतःच्या कानापुढं फिरवलं. गुळगुळीत. काहीच नव्हतं तिथं. बाबांकडून निघून ते त्याच्यातून गेलं होतं, त्याला पत्ता लागू न देता, आणि या एवढ्याशा गालावर येऊन उमटलं होतं. केवढं हे! त्याला वाटलं, आपण आजवर या घरात नुसते राहत होतो, पाहत नव्हतो.

"शोभा," तो म्हणाला, "बाबांनाही इथंच भोक होतं. शिवणाचा डबा खाली काढू का?"

डिंक निवडणारा आईचा हात थांबला.