पिशवीत न राहिलेली धूळ

मित्रांनो, मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे. लोकांच्या घरातली घाण पोटात घ्यायची आणि गप्प बसायचं, हे माझं काम. तीस वर्षं मी ते इमानेइतबारे केलं. शेवटच्या सहा आठवड्यांत मात्र माझ्याकडून जे घडलं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मेलबर्नजवळच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. अंगाला जाड पत्रा, आत मोटर, पुढे लांब नळी आणि पोटात कागदी पिशवी. मोटर पुढून हवा ओढते, पिशवी धूळ अडवते आणि उरलेला वारा पाठीमागच्या जाळीतून बाहेर पडतो. एवढीच माझी रचना. तेव्हाच्या मानाने ती चांगली होती.

मला विकत घेतलं स्तोयनाने. ती आणि तिचा नवरा ब्लागोया मॅसेडोनियाहून ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्ब्ला या गावी आले होते. तो पोलाद कारखान्यात भट्टीवर होता, ती शर्ट शिवायच्या कारखान्यात. गावात पोलाद कारखान्याची काजळी इतकी पडायची, की सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोट फिरवलं तरी काळं व्हायचं. स्तोयना त्या काजळीला शत्रूच मानायची. दर शनिवारी ती मला बाहेर काढायची आणि पलंगाखालून, कपाटामागून, गालिच्याच्या चारही कोपऱ्यांतून फिरवायची. पाहुण्या बायका म्हणायच्या, "तुझ्या घरी ताट कशाला हवं? जमिनीवरच वाढ." ते ऐकून स्तोयना माझ्या पाठीवर थाप मारायची. माझी नळी दोनदा चिरली, दोन्ही वेळा ब्लागोयाने ती पट्टी लावून नीट केली.

पुढे ब्लागोया परसातल्या मिरचीच्या वाफ्यात काम करता करता छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. त्यानंतर स्तोयना दोनच खोल्या वापरायची. मी कपाटात इस्त्रीच्या फळीशेजारी उभा असायचो. महिना महिना कुणी दार उघडत नसे. मला वाईट वाटायचं. आता वाटतं, तेच दिवस बरे होते.

मग स्तोयनाची मुलगी वेस्ना माहेरी राहायला आली. तिला पाचवा महिना लागला होता. सिडनीतलं भाडं परवडेना, म्हणून नवरा ग्लेनसह ती आईच्या घरी आली. ग्लेन विम्याच्या कचेरीत नोकरीला होता. पण व्हिडिओ बघून बघून तो स्वतःला सुतार, रंगारी आणि गवंडीही समजू लागला होता. सासूला तो नावाने हाक मारायचा. आठ वर्षं झाली तरी स्तोयनाला ते पचलं नव्हतं.

"स्तोयना, मागची खोली मी बाळासाठी नवीकोरी करतो. तू फक्त बघ."

"बघते ना, जावईबुवा. भिंत अंगावर आली तर तो व्हिडिओवाला धरायला येणार आहे का?"

"तू कॉफी ठेव. भिंतीचं माझ्यावर सोड."

त्या भागातल्या जुन्या घरांसारखंच हेही घर होतं. लाकडी सांगाडा आणि त्यावर ठोकलेले सिमेंटचे पातळ पत्रे. त्यांच्यावर चाळीस-पन्नास वर्षांचे रंगाचे थर चढलेले. ग्लेनने घासायचं यंत्र आणलं आणि रंग पार पत्र्यापर्यंत खरवडायला सुरुवात केली. खोलीभर करडी भुकटी उडाली. काम संपलं की तो मला ओढत आणायचा.

मित्रांनो, मला बोलता येत नाही, पण माझ्या पोटातून काय जातं ते मला कळतं. वाळू पिशवीच्या तळाला बसते. केस गुंततात. काजळी कागदाला चिकटते. ही धूळ मात्र कशालाच चिकटेना. तिच्यात सुयांसारखे कण होते, इतके बारीक, की कागदातून ते उघड्या दारातून गेल्यासारखे निघून जायचे. मी पुढून त्यांना ओढत होतो आणि मागून त्याच खोलीत फुंकत होतो. जमिनीवर पडलेली धूळ मी माणसांच्या नाकाच्या उंचीवर नेऊन ठेवत होतो. डोळ्यांना काही दिसत नसे. खोली लख्ख दिसायची. मग वेस्ना तिथे येऊन खाली मांडी घालायची आणि बाळाच्या इवल्याशा अंगड्यांच्या घड्या करायची.

सहा आठवडे हे चाललं. मी काय करणार? मला एकच करता आलं. माझी पिशवी चोंदली, मोटर तापली आणि मी जळका वास सोडला.

"आई, हा आता म्हातारा झाला," वेस्ना नाक दाबून म्हणाली. "नवा घेऊ या."

माझ्या इशाऱ्याचा अर्थ त्यांनी असा लावला.

आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. जेवणाच्या टेबलावर जाहिरातींचे कागद पसरलेले असायचे. शनिवारी सकाळी मला गाडीत टाकून तिघं टेरीच्या दुकानात गेली. टेरी जुनी यंत्रं ठेवून घ्यायचा, दुरुस्त करून विकायचा आणि नव्याच्या किमतीत तेवढी सूट द्यायचा. मला त्याने एका बाजूला उभं केलं.

"आई, हा बघ," वेस्नाने एक निळा व्हॅक्यूम क्लीनर उचलला. "बिनवायरचा. वजनाला मांजराएवढा."

"मांजर घर झाडत नाही. याची पिशवी कुठंय?"

"पिशवीची कटकटच नाही, बाई," टेरी म्हणाला. त्याने गालिच्याच्या तुकड्यावर मूठभर पीठ उधळलं आणि क्षणात ओढून दाखवलं. पारदर्शक भांड्यात पीठ गरगरलं. ग्लेनचे डोळे चमकले.

"आणि मागून वारा येतो, त्याचं काय?" स्तोयनाने विचारलं.

"गाळून येतो. अगदी बारीक गाळणी हवी असेल तर तो कोपऱ्यातला काळा आहे. दम्याचे पेशंट नेतात. पण तो महाग आणि जड. तुमच्याकडे कुणाला दमा?"

"नाही, नाही. निळाच द्या," ग्लेन म्हणाला. "भिंत घासल्यावरची धूळ ओढेल ना हा?"

"रंगाची धूळ ना? ओढेल की."

माझ्यासमोर चार माणसं उभी होती. भिंत कशाची आहे, हे टेरीने विचारलं नाही आणि त्या तिघांनी सांगितलं नाही. अगदी साधा प्रश्न होता. तो निळा व्हॅक्यूम क्लीनर खोक्यात घालून तिघं हसत बाहेर पडली. जाताना स्तोयनाने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथे राहिला.

मग टेरीने मला मागच्या खोलीत नेलं. पिशवी काढून पिंपाच्या काठावर दणादणा आपटली. यंत्राने हवेचा झोत मारून माझं पोट साफ केलं. करडा ढग उठला. टेरी खोकला, बाहीने तोंड पुसलं आणि शेजारचा चहाचा कप उचलून प्यायला. मला नवी मोटर मिळाली, नवी पिशवी मिळाली. सोमवारी सकाळी मी दुकानाच्या दर्शनी भागात चकचकीत उभा होतो. एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आली. म्हणाली, "पोरगं रांगायला लागलंय. गालिचा स्वच्छ हवा. दुपारी भावाला घेऊन येते, हा ठेवून द्या माझ्यासाठी." मुलाने माझ्या नळीचं तोंड धरलं आणि चोखायला तोंडाजवळ नेलं. आईने त्याचा हात मागे ओढला. टेरी हसला.

त्याआधी रविवारी घरी काय झालं, ते मला नंतर त्या निळ्याकडून कळलं.

ग्लेनने शेवटची भिंत घासून संपवली होती आणि तो निळा जमिनीवरून फिरवत होता. शेजारचा नोएल लिंबं द्यायला आला. तो जुना सुतार. स्तोयनाच्या तीन पायऱ्या चढताना तो मध्ये थांबायचा. लोकांना वाटायचं, गुडघे गेले असतील. तो खोलीच्या दारात आला आणि त्याच्या हातातली लिंबं खाली पडली.

"ग्लेन, ते बंद कर."

"अं? काय म्हणालास?"

"बंद कर म्हणतो ना! आत्ताच्या आत्ता!"

ओरडण्याइतका श्वास नोएलकडे नव्हता. तरी तो ओरडला, मग चौकट धरून वाकला. ग्लेनने निळा बंद केला.

"ही भिंत कशाची आहे, ठाऊक आहे तुला?"

"सिमेंटच्या पत्र्याची."

"आणि त्या पत्र्यात काय असतं? अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, पोरा, फुफ्फुसात रुतून बसणारे. बत्तीस वर्षं मी हे पत्रे करवतीने कापले. मी पायऱ्यांवर थांबतो ते गुडघ्यांमुळे नाही."

वेस्ना स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात कणकेने भरलेली परात होती. "म्हणजे? आम्ही तर सहा आठवडे..."

"वेस्ना, तू आधी बाहेर ये. कपडे झटकू नकोस. हळू चाल."

"पण मी दर वेळी व्हॅक्यूम फिरवला," ग्लेन म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "एकदाही टाळलं नाही."

नोएलने डोळे मिटले. "तेच करायला नको होतं. या घरगुती यंत्रांनी ती धूळ थांबत नाही. दुकानातलं सगळ्यात भारी आणलं असतंस तरी थांबली नसती. ती फक्त हवेत चढते."

घर तसंच बंद करून सगळी नोएलकडे निघाली. दार लावता लावता स्तोयनाने विचारलं, "आणि जुना?"

ग्लेन पायरीवर मान खाली घालून बसला होता. "तो गेला ना आता. त्याच्यावर आपलं नाव थोडंच लिहिलंय? आपण काय मुद्दाम केलं? सांगितलं तर उद्या गावभर होईल."

"जावईबुवा," स्तोयना म्हणाली, "माझ्या घरातली घाण आजवर मी शेजाऱ्याच्या दारात लोटली नाही."

 वेस्ना पोटावर दोन्ही हात ठेवून नोएलच्या घराकडे बघत होती.

सोमवारी अकराच्या सुमारास स्तोयना एकटीच बसने दुकानात आली. डोक्याचा रुमालसुद्धा तिने नीट बांधला नव्हता.

"टेरी, माझा जुना मला परत दे."

"का हो बाई, नवा बिघडला? हा तर लागलाय विकायला. दुपारी नेणार आहेत."

"तू त्याची पिशवी काढलीस का?"

"काढली की. झटकली, हवा मारली. बघा कसा चकाचक केलाय!"

स्तोयना खुर्चीवर बसली. मग तिने सगळं सांगितलं. मोडकंतोडकं, मध्येच स्वतःच्या भाषेत शिरत, पण सगळं. ग्लेनचं नाव तिने घेतलं नाही. "आम्ही घासलं, आम्ही ओढलं" असंच म्हणाली. टेरी रागावेल असं मला वाटलं होतं. तो रागावला नाही. त्याने आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. मग दारापाशी जाऊन 'बंद आहे' ही पाटी बाहेरच्या बाजूला फिरवली.

"शनिवारी माझी मुलगी मागे बसली होती," तो म्हणाला. "गृहपाठ करत."

स्तोयना खुर्चीवरून उठली.

"मला माफ कर," स्तोयना म्हणाली.

"तुम्ही आला नसतात, तर दुपारी मी हा त्या बाईच्या गाडीत ठेवून दिला असता. मूल रांगतंय तिचं."

दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे आणि तोंडावर मुखवटे घातलेली दोन माणसं आली. परवाना असलेली, हेच काम करणारी. त्यांनी माझ्यावर पाणी फवारलं, मला जाड प्लास्टिकच्या एका पिशवीत घातलं, ती दुसरीत घातली आणि तोंड चिकटपट्टीने बंद केलं. बाहेर टेरी त्यांना विचारत होता, "मला आणि मुलीला काही होईल का?"

"कदाचित काहीच होणार नाही," त्यांच्यातला एक म्हणाला. "थोडक्यावर निभावलं असेल. पण आज कुठल्याही तपासणीत कळायचं नाही. झालं तर वीस वर्षांनी, तीस वर्षांनी कळतं."

गावाबाहेर अशा वस्तूंसाठी वेगळा खड्डा आहे. त्यात त्यांनी मला ठेवलं. थोड्या वेळाने शेजारी आणखी एक पुडकं आलं, वजनाला मांजराएवढं. निळ्याने आयुष्यात फक्त दोन दिवस काम केलं होतं. त्याने मला रविवारची हकीकत सांगितली, आणि मग वरून माती पडू लागली.

मित्रांनो, नवं यंत्र घेताना वजन बघा, रंग बघा, किंमत बघा. पण त्याआधी ते कसली धूळ ओढणार आहे ते बघा. जुन्या घराची भिंत किंवा छपराचा जुना सिमेंटचा पत्रा घासायच्या, कापायच्या, फोडायच्या आधी तो कशाचा आहे ते जाणत्या माणसाला विचारा. आणि घासून झालंच असेल, तर झाडू नका, माझ्यासारख्याला बोलावू नका. दार लावा, बाहेर पडा, मदत मागवा. विचारायला लाज वाटली तरी विचारा. सांगायला लाज वाटली तरी सांगा.

मी जी धूळ धरून ठेवली, ती आता माझ्याबरोबर मातीखाली आहे; तिची भीती बाळगू नका. जी मला धरता आली नाही, तिचं काय झालं ते मला ठाऊक नाही. वेस्नाचं बाळ आता जन्मलं असेल, रांगतही असेल. त्याला तीस वर्षं व्हायला अजून खूप अवकाश आहे. तोवर त्या घरात कुणाला साधी सर्दी झाली, कुणी दोनदा खोकलं, तरी बाकीचे हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत राहतील.