मल्लप्पांची बटणफेरी

नवी पेठेत चादरींचं दुकान चालवणाऱ्या मल्लप्पांची पहाटेची लिंगपूजा आटोपली, की त्यांची दुसरी पूजा सुरू व्हायची. घरभर फिरून ते एकेक बटण बंद करायचे. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला, तर ते आधी तिकडेच धाव घ्यायचे. त्या दिवशी लेक राजेश्वरी लॅपटॉप चार्जिंगला लावून आंघोळीला गेली, आणि फेरीत त्यांनी तेही बटण बंद केलं.

अकराला तिची ऑनलाइन मुलाखत होती. पावणेअकराला वीज गेली, म्हणून तिनं लॅपटॉप उघडून पाहिला. अठरा टक्के! तिचं धाबं दणाणलं. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातली डिझायनरची ही जागा तिला जिवापाड हवी होती, अन् दाखवायची सगळी नक्षी याच म्हाताऱ्या लॅपटॉपात होती.

"अप्पा, काय केलंत ओ हे!"

मल्लप्पांचं तोंड एवढंसं झालं. "चुकलं गं यव्वा. सवयीनं हात गेला."

राजेश्वरीनं मोबाइलचं इंटरनेट जोडलं आणि बॅटरी सेव्हर चालू केला. स्क्रीन मंदावला. मल्लप्पांनी खुर्ची ओढली. आता त्यांच्या उभ्या आयुष्याची विद्या कामी येणार होती.

"अक्षरांखाली दिवे कशाला? कर की बंद."

तिनं कीबोर्डचे दिवे विझवले.

"आन् वर ही एवढी पानं उघडी? काय हाय त्यात?"

गाणी होती, साड्यांचा सेल होता, धपाट्यांची रेसिपी होती. तिनं लाजत सगळं मिटलं.

"उजेड अजून कमी कर."

"मग मला दिसणार कसं?"

मल्लप्पांनी जाडजूड चादर आणून खिडकीवर ताणली. खोलीत अंधार झाला आणि तो मिणमिणता स्क्रीन चक्क वाचता येऊ लागला.

"कॅमेरा बी बंद कर."

"अप्पा, मुलाखत आहे ही!"

"त्यास्नी तुजं तोंड बघायचंय का टावेल?"

अकराला मुलाखत सुरू होताच हेच राजेश्वरीनं जरा सभ्य शब्दांत विचारलं. मुलाखत घेणाऱ्या बाई हसल्या. "नक्षीच दाखवा," म्हणाल्या.

मल्लप्पा खोक्याच्या झाकणानं तिला वारा घालत राहिले. चार टक्क्यांवर बाईंनी विचारलं, "सूत वाया जाऊ नये म्हणून काय कराल?" राजेश्वरीनं वडिलांच्या हलणाऱ्या हाताकडे पाहिलं आणि तिला आपोआप सुचलं. "काठासाठी नवं सूत रंगवायचं नाही. आधीच्या मालातलं जे उरलंय, त्यातूनच काठ विणायचा. प्रत्येक टॉवेलचा काठ वेगळा निघेल, आणि तोच आपला थाट."

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "सोमवारी कामावर या."

स्क्रीन काळा झाला. राजेश्वरीनं अप्पांना मिठीच मारली. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

सोमवारी पहाटे ती उठली, तेव्हा बटणफेरी होऊन गेली होती. घरातलं झाडून सगळं बंद होतं. फक्त चार्जरचं बटण चालू होतं, आणि त्यावर विभूतीचं बोट ओढलेलं होतं.