पायाशी नाव

हिंजवडीतल्या कंपन्यांच्या फॅमिली डेला मी इंजिनिअरांची नाकं लांब करून व्यंगचित्रं काढायचे आणि वर त्यांच्याकडूनच पैसे घ्यायचे. एप्रिलमध्ये जयंतीच्या कमानी रंगवायच्या. कोरोना आला आणि दोन्ही कामं गेली. इंजिनिअर घरी बसून काम करू लागले, पण चित्रकाराला घरी कोण बोलावतंय? घरमालकाला मात्र घरबसल्या भाडं मागता येत होतं. महिनाअखेर खोली रिकामी करा, म्हणाला.

एक ट्रस्ट कलाकारांना मदत देतोय असं कळलं म्हणून अर्ज केला. नम्रता नावाच्या मुलीचा फोन आला.

"मॅम, तुमचं एखादं साइन्ड वर्क दाखवाल? सही मस्ट आहे. मी येऊन फोटो घेते."

सही! व्यंगचित्रं ज्याची त्याने नेली होती. माझं म्हणावं असं एकच मोठं काम उरलं होतं, वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीवरचं. पण तिथे सही नसते. आमच्या कचरूकाकांचा तसा नियमच. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. नववीत असताना एकदा बुद्धाच्या आसनाखाली बारीकसं 'शैला' लिहिलं, तर काकांनी रॉकेलच्या बोळ्याने ते पुसून टाकलं. "त्यांच्या पायाशी फूल ठेवायचं पोरी, नाव न्हाई."

काकांची स्वतःचीही कामं बंदच होती. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशन लॉकडाऊनने लांबवलेलं. तुम्हीही अर्ज करा, सही तेवढी लागते म्हटलं तर म्हणाले, "सही न्हाई, मग कशाला?" मला आलेल्या फोनचं आणि खोलीचं सांगितलं, तेव्हा ते नुसते हुंकारले. मी मनातल्या मनात खोलीतलं सामान बांधायला घेतलं.

तरी नम्रताला मी विहारात बोलावलं. म्हटलं, बघून तरी जाईल.

मधल्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर दोन बुद्ध आहेत. विहार नव्याने बांधलं त्या उन्हाळ्यात आम्ही शेजारी शेजारी उभं राहून ते रंगवले. डावा काकांचा, उजवा माझा. मी दार उघडलं आणि दिवा लावला.

आसनाखाली लाल रंगात ठसठशीत लिहिलं होतं, 'शैला सोनकांबळे'. रंग अजून ओला होता. विहारभर टर्पेंटाइनचा वास सुटला होता.

आणि नाव डाव्या बुद्धाखाली होतं. काकांच्या.

"घातलं एकदाचं," मागून काकांचा आवाज आला. ते दारात उभे होते, बोटं लाल. "तुझी खोली जाया नको. पण चिवराच्या चुण्या काय काढल्यास गं! मला न्हाई जमल्या तशा कधी."

वस्त्राच्या त्या चुण्या त्यांनीच काढलेल्या होत्या. ज्याने मला ब्रश धरायला शिकवलं, त्याला आता स्वतःचा हात ओळखू येत नव्हता. आणि जन्मभराचा नियम मोडला, तोही माझ्यासाठी.

तेवढ्यात नम्रता आत आली. "वॉव, मॅम! परफेक्ट." तिने फोटो काढलासुद्धा. "झालं तुमचं काम."

झालं कसलं! खरं बोलावं तर काकांची चूक चारचौघांत उघडी पडणार. गप्प बसावं तर त्यांचं काम माझ्या नावावर जाणार.

खिडकीत लाल रंगाची डबी आणि ब्रश तसेच पडले होते. मी ब्रश उचलला आणि उजव्या बुद्धासमोर, माझ्या बुद्धासमोर, गुडघ्यावर बसले. पहिलं अक्षर वाकडंच आलं. तरी लिहिलं, 'कचरू गायकवाड'.

"हे सरांचं?" नम्रताने विचारलं. "मग त्यांचाही फॉर्म भरूया ना!"

"काय लिहिलंस गं?" काका पुढे आले.

"तुमचं नाव."

आता रॉकेल मागणार, असं मला वाटलं. काकांनी भिंतीला नाक लागेपर्यंत तोंड जवळ नेलं. चिवरावरून, हातांवरून, मिटल्या पापण्यांवरून त्यांची नजर सावकाश फिरली.

"हे माझं हाय व्हय?"

"हो, काका."



"मग बरं जमत होतं की मला," ते म्हणाले.

मी मास्क डोळ्यांपर्यंत वर ओढला.