पेवातला कंदील

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. माझा पत्ता विचाराल तर पालमजवळचे एक गाव, किशनरावांचे पेव आणि त्यातली कुजकी ज्वारी. इथे मला भेटायला कोणी येत नाही.

पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा. तोंड एका माणसापुरते, पोट मात्र खोलीएवढे. पूर्वी मी किशनरावांच्या ओसरीवर लटकत असे. येलदरी धरणाची वीज गावात आली आणि माझी रवानगी अडगळीत झाली. बल्बची काच रोज पुसावी लागत नाही, तेव्हा माझी कोण कशाला बडदास्त ठेवील? तरी वर्षातून एकदा माझी आठवण निघायची. पेव उघडले की एक दिवस, एक रात्र तसेच ठेवायचे आणि मग मला दोरीने आत सोडायचे, अशी रीत होती. बंद पेवातली ज्वारी आतला प्राणवायू संपवते. माझी ज्योत नीट तेवली तरच माणसाने उतरायचे. त्या एका दिवसाची मी वर्षभर वाट पाहायचो.

शहाऐंशी सालच्या चैत्रात पेव उघडले आणि त्याच दुपारी आभाळ भरून आले. ज्वारी भिजेल म्हणून किशनरावांनी मला लगेच आत सोडले. तळाकडे जाताच माझी ज्योत वाटाण्याएवढी झाली. यापेक्षा स्पष्ट मी काय सांगणार?

"ह्याचं घासलेट संपलं असंल. लय जुना झालाय," किशनराव म्हणाले. मला वर ओढून त्यांनी वात चढवली आणि पुन्हा सोडले. आता ज्योत थोडी मोठी दिसली.

त्यांचा सालगडी व्यंकटी क्विंटलभर पोते पाठीवर घेऊन जिना चढायचा. तो उतरायला निघाला.

"मालक, उद्या काढू की," त्याची बायको दगडाबाई म्हणाली. पण तेवढ्यात ढग गडगडले. तिने त्याच्या कमरेला दोर बांधला आणि माझी दोरीही हातात धरली.

चार टोपली व्यंकटीने भराभर भरली. पाचव्याला त्याला धाप लागली. सहावे उचलेना.

"हातात जीवच न्हाई. म्हातारा झालो का काय मी?" तो हसला.

मित्रांनो, ते म्हातारपण नव्हते. कष्टाला प्राणवायू लागतो. तो कमी पडला की छाती धडधडते, श्वास वाढतो, तरी हातापायांना पुरेसे काही पोचत नाही. होता तो तुटपुंजा प्राणवायू मीही खात होतो, याची मला अजून लाज वाटते.

मग मी विझलो.

"अवं, कंदील गेला! वर या!" दगडाबाई ओरडली. उत्तर आले नाही. किशनराव आत उतरायला धावले.

"तुमी उतरू नगा, मालक! वढा!"

माझी दोरी सोडून तिने दोन्ही हात त्याच्या दोराला घातले. बरोबरच केले तिने. मोकळ्या हवेत बऱ्याच वेळाने व्यंकटी खोकला, तेव्हा ती मोठ्याने रडली.

मग पाऊस आला. पेवात पाणी शिरले, ज्वारी कुजली. दोन दिवसांनी किशनराव तोंडावर फरशी टाकू लागले, तेव्हा दगडाबाई वाकून म्हणाली, "कंदील खरं सांगत व्हता, मालक."

किशनरावांनी फरशी सरकवून तोंड बंद केले. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षे काढली आहेत.

धडधाकट माणूस एकाएकी थकला तर त्याला हसू नका, आधी मोकळ्या हवेत आणा. आणि कधी या फरशीवर खेळायला आलात, तर थोडे मोठ्याने बोला. मला ऐकायला आवडेल. मला न्यायला मात्र खाली उतरू नका.