राहून गेलेलं प्रेझेंटेशन

“एक गट राहिलाय,” पेलिंग सर टेबलावर बोटं आपटत म्हणाले. “मार्केट एंट्रीचं प्रेझेंटेशन आज आहे. बाकीचे सगळे बोलून गेले. राहिलेली मुलं कुठे आहेत?”

निहारिकाने त्यांच्या पुढ्यातला गार झालेला चहा उचलला. “येतील, सर.”

“तीन वाजून गेले! मी कोणासाठी थांबत नसतो.”

असं म्हणत ते उठायलाच लागले. वॉकर धरायचा त्यांच्या लक्षात राहत नसे, म्हणून निहारिकाने चटकन त्यांच्या दंडाला आधार दिला. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या त्या नर्सिंग होममध्ये येऊन सरांना तीन आठवडे झाले होते. लेक जवळच राहायची, तिने ॲडलेडहून त्यांना इकडे आणलं होतं. वय ब्याऐंशी. सकाळी ते शांत असत, क्रिकेटचा स्कोअर विचारत, वाटीभर पॉरिज संपवत. दुपार कलली की मात्र आपल्या जुन्या वर्गात जाऊन पोचत, आणि तिथून त्यांना परत आणणं कठीण होई.

औषधांची ट्रॉली ढकलत मेधा आली. ती इथली नर्स, पुण्याची, निहारिकापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान.

“निहारिकाताई, आज पण सुरू झालं का यांचं? डॉक्टरांनी गोळी लिहून ठेवलीये, पण ती दिली की दुसऱ्या दिवशीपर्यंत नुसते पेंगत बसतात. मला नाही द्यावीशी वाटत.”

“नको देऊस. मी बसते यांच्याजवळ.” मग निहारिका म्हणाली, “मेधा, मी यांची स्टुडंट होते गं.”

“काय सांगतेस! कधी?”

“ॲडलेडला. इंटरनॅशनल बिझनेसमध्ये मास्टर्स केलं ना मी. सोळा वर्षं झाली. त्यांना कुठलं आठवायला!”

“आणि इतके दिवस बोलली नाहीस?”

निहारिकाने सरांना परत खुर्चीत बसवलं. या होममध्ये ती नऊ वर्षं म्हाताऱ्यांना आंघोळी घालत होती, भरवत होती. त्यात मास्टर्सचा विषय कधी निघालाच नव्हता.

तेव्हा ॲडलेडच्या मॉसन लेक्स भागातल्या एका भाड्याच्या घरात पाच मुली राहायच्या आणि राइस कुकर एकच होता. कुडाळहून आलेली तेवीस वर्षांची निहारिका सामंत तेव्हा तळ्याकाठच्या बदकांनासुद्धा घाबरायची. कॅम्पस दहा मिनिटांवर, पण हिवाळ्यात वारा असा बोचायचा की दोन स्वेटरांवर भाऊंचा, म्हणजे वडिलांचा मफलर गुंडाळून ती बाहेर पडायची. पहिल्याच तासाला पेलिंग सरांनी फळ्यावर एवढंच लिहिलं होतं, ‘हे कोणाला हवंय?’ जहाजं, करार, चलनाचे दर हे सगळं मागाहून, आधी याचं उत्तर द्या, म्हणाले. निहारिकाने ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून त्याला चौकट केली होती.

गटात तिघं होते. निहारिका, अंबरनाथचा यतिन आणि नाशिकची दीप्ती. परदेशातला एखादा माल ऑस्ट्रेलियात आणून विकायचा आराखडा करायचा होता. कोणी मोबाइल घेतले, कोणी कपडे. निहारिका म्हणाली, “आपण कोकम सरबत घेऊया.” यतिन हसून हसून बाकावर आडवा झाला होता. पण कुडाळला घराच्या मागे कोकमाची आठ झाडं होती, आणि शाळेत कारकुनी करणारे भाऊ दर मे महिन्यात सरबताच्या बाटल्या भरून पाहुण्यांना वाटायचे. लेकीच्या अभ्यासात कोकम आहे म्हटल्यावर त्यांना चेवच चढला. दर रविवारी फोनवर ते कागद समोर धरून वाचून दाखवायचे. एका झाडाला फळ किती, बाटली किती दिवस टिकते, साखर कमी पडली तर काय होतं. आणि शेवटी दर वेळी तीच शंका, “तिथल्या माणसांका आंबट चलता काय गो?”

“विचारून सांगते, भाऊ.”

ते सांगायचं राहिलं. प्रेझेंटेशनच्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. भाऊ पहाटे झोपेतच गेले होते. “तू येईपर्यंत थांबणं शक्य नाही,” दादा म्हणाला, “परीक्षा तोंडावर आहे, ती देऊनच ये. भाऊंनाही तेच आवडलं असतं.” घरातल्या बाकीच्या मुली कॉलेजला आणि कामावर गेल्या होत्या. निहारिका तळ्याकाठच्या बाकावर दिवस मावळेपर्यंत बसून राहिली. तिच्या वाटणीचे मुद्दे लिहिलेली कार्डं यतिनने वर्गात वाचून दाखवली. परीक्षा संपवून ती कुडाळला पोचली तोवर घरची माणसं रडून मोकळी झाली होती, आणि मागच्या दारी रिकाम्या बाटल्या धुऊन उपड्या घातलेल्या होत्या.

मेधाशी बोलणं झालं त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या निहारिकाने यतिनला फोन लावला. तो आता सिडनीच्या गिरावीन भागात राहत होता, घरं विकायच्या धंद्यात.

“यतिन, आपला कोकमचा रिपोर्ट आहे का रे तुझ्याकडे?”

“कोकम? मेट, दोन हजार नऊची गोष्ट आहे ती!” पलीकडून की-बोर्डची खडखड ऐकू आली. “थांब, मी मेल कधी डिलीट करत नाही. हां, हा बघ! अगं काय लिहिलंय आपण, ‘पाच वर्षांत सिडनीच्या घराघरात कोकम.’ काय कॉन्फिडन्स होता यार! आणि आज माझ्या कोपऱ्यावरच्या दुकानात शेल्फभर बाटल्या आहेत. आणल्या दुसऱ्यांनीच. पण तुला कशाला हवाय?”

तिने पेलिंग सरांचं सांगितलं.

“तुझी कार्डं मी वाचली होती ना त्या दिवशी,” तो मग म्हणाला, “फार वाईट वाचली गं. दोन तर गाळलीच. तुला कधी सांगायची हिंमत झाली नाही.”

“असू दे रे. पाठव तू.”

दुसऱ्या दिवशी मेधाला विचारून तिने जवळच्या भारतीय दुकानातून कोकमची बाटली आणली. पावणेतीनला सरांना हॉलमध्ये समुद्राच्या बाजूच्या खिडकीशी बसवलं. पलीकडे एक आजीबाई लोकर विणत होत्या, तेवढीच काय ती गर्दी. सरांची बोटं टेबलावर आपटायला लागली तशी निहारिका समोर जाऊन उभी राहिली. अंगात कामाचा निळा टीशर्ट, हातात रात्री लिहून काढलेली कार्डं.

“गुड आफ्टरनून, सर. उशीर झाला, माफ करा.”

“झालाच आहे,” सर म्हणाले. “सुरू करा.”

तिने सुरुवात केली. फळ कसं असतं, रस कसा काढतात, उन्हाळ्यात थंड पेय म्हणून इथे कसं विकता येईल.

“मोठ्याने! मागच्या रांगेला ऐकू जात नाही.”

मागच्या आजीबाईंनी विणता विणता मान वर केली. निहारिकाने आवाज चढवला. सर पुढे झुकून ऐकत होते. इतक्या दिवसांत त्यांची नजर अशी एका जागी ठरलेली तिने पाहिली नव्हती. बोलता बोलता तिने ग्लास पुढे केला. सरांनी एक घोट घेतला आणि त्यांचं सगळं तोंड आक्रसलं.

“आंबट आहे.”

“हो, सर.”

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, दुसरा घोट घेतला, मग तिसरा. “पण चालेल. उन्हात चालेल. माल कोण पुरवणार?”

“माझे वडील.”

“आणखी कोण?”

“ते एकटेच.”

“एकटेच!” सरांच्या आवाजाला जुनी धार आली. “अख्खा व्यापार एका माणसाच्या भरवशावर? उद्या त्यांना काही झालं तर?”

याचं उत्तर कार्डावर नव्हतं. रात्री चारदा वाचूनही हा प्रश्न येईल हे तिला सुचलं नव्हतं.

“झालं, सर,” ती म्हणाली. “प्रेझेंटेशनच्या दिवशी सकाळीच गेले ते.”

सरांनी ग्लास खाली ठेवला. त्यांचा चेहरा पार बदलून गेला.

“आज सकाळी?”

निहारिकाने होकारार्थी मान हलवली.

“आणि तरी तुम्ही वर्गात आलात? अरे देवा! बसा, आधी इथे बसा.” त्यांनी शेजारच्या खुर्चीवर हात आपटला. “मार्कांचं काही मनात आणू नका. काय नाव त्यांचं?”

“मुरलीधर.”

सरांनी ते नाव दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं, प्रत्येक वेळी वेगळंच. “माणूस बरा होता?”

“फार बरा, सर. तुम्ही आत्ता प्यायलात ना, ते सरबत ते स्वतः करायचे. इथल्या लोकांना आंबट चालेल का, एवढंच विचारत राहायचे.”

“मग कळवायला हवं होतं त्यांना,” सर हळू आवाजात म्हणाले. “अशा दिवशी माणसाने एकटं राहू नये. तुमच्याजवळ कोण आहे इथे?”

तो प्रश्न ऐकला आणि निहारिका रडायला लागली. तोंडावर हात न घेता, लपायला जागा न शोधता रडली. सरांनी हात तिच्या मनगटावर ठेवला आणि ते तिच्याजवळ बसून राहिले. दारातून डोकावलेल्या मेधाने दोघांकडे पाहिलं आणि ट्रॉली आवाज न करता मागे घेतली.

साडेचारला जेवणाची घंटा झाली. निहारिकाने डोळे पुसले, सरांच्या हाती वॉकर दिला आणि पाठीला हात लावून त्यांना सावकाश जेवणघरात नेलं. भोपळ्याच्या सुपाचा वास सुटला होता. सर आपल्या जागेवर बसले. दुपारचं त्यांच्या मनात काही उरलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यांनी नॅपकिन उलगडला, मग काहीतरी राहिल्यासारखं इकडे तिकडे पाहिलं आणि शेजारची रिकामी खुर्ची दोन्ही हातांनी ओढून तिच्यासाठी पुढे केली.

कर्मचाऱ्यांनी तिथे बसायचं नाही असा नियम होता. पण तिची शिफ्ट संपून अर्धा तास होऊन गेला होता. निहारिकाने गळ्यातला बिल्ला काढून खिशात टाकला आणि ती बसली.