तारेपलीकडचा चेंडू

मी शाळेची बॅट बोलतेय. आवाज बारीक वाटला तर सांभाळून घ्या. मी जन्माचीच घाबरट.

जन्मच मुळी वाकसाखाली झाला, सुताराच्या लाकूड तासायच्या हत्याराखाली. मोहर्लीच्या वाटेवरचं आमचं गाव. मैदानामागे तारेचं कुंपण, एका जागी लोळलेलं, आणि तारेपलीकडे सरळ जंगल. गुणवंतराव सर तेव्हा हेडमास्तर होते. सागाची बॅट लेकरांना जड होईल म्हणून त्यांनी इस्तारी सुताराकडून मला शिवणीच्या झाडाच्या हलक्या लाकडातून घडवून घेतलं. वाकस पडला की वाटे, आता माझं लाटणंच होणार!

सरांना क्रिकेटचं भारी वेड. मधल्या सुट्टीत पँट दुमडून स्वतः बॉलिंग टाकायचे. पण एक नियम कडक होता. चेंडू तारेपलीकडे गेला की मारणारा आउट. बॅट ठेवायची आणि कडुनिंबाखाली बसायचं. चेंडू आणायला कोणी जायचं नाही.

"तो आता वाघोबाचा झाला. त्याले खेळू द्या," सर म्हणत. लेकरं हसत. मला मात्र झुडपं हलताना दिसत.

सर निवृत्त झाले, मी कपाटात गेले. तिथे अंधार, पाली आणि जवळ जवळ येणारी वाळवी.

या हिवाळ्यात सरांच्या सन्मानासाठी मॅच ठरली. त्यांची विद्यार्थिनी नूतन आता इथेच शिकवते. तिने मला तेल लावून सरांच्या हाती दिलं.

"सर, पयला चेंडू तुमीच खेळा."

"मले आता दिसते कुठी, बाई?"

तरी उभे राहिले. नूतनने हळूच चेंडू टाकला. सरांनी असा हाणला, की तारेवरून थेट झुडपात!

टाळ्या विरल्या तेव्हा माकडं खकारत होती, वाघ दिसला की खकारतात तशी. आणि सर, मला बगलेत मारून, चेंडू आणायला निघाले होते. हल्ली ते विसरतात.

"सर, थांबा! वाघ असन तिथी!" नूतनने मागून हाक मारली.

"माह्या शाळेत कायचा वाघ?"

एक पाय लोळलेल्या तारेपलीकडे पडला. कुबट, उग्र वास आला. मी ओरडत होते. पण लाकडाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

तेवढ्यात नूतन जीव खाऊन ओरडली, "सर, आउट! तारेच्या पल्याड गेला. बॅट ठेवा!"

सर थबकले. "आउट?"

"तुमचाच नियम हाय, सर."

आउट दिल्यावर सरांनी कधी हुज्जत घातली नव्हती. त्यांनी पाय मागे घेतला, मला गवतात ठेवलं आणि मान खाली घालून कडुनिंबाखाली जाऊन बसले. "पयल्याच चेंडूवर," एवढंच पुटपुटले.

मी तारेशी एकटी पडून होते. झुडपात काहीतरी जड उठलं आणि सावकाश आत निघून गेलं.

आता मला काचेच्या पेटीत ठेवायचं चाललंय. पण सर म्हणाले, "तिले खेळू द्या." तर खेळा, लेकरांनो. फक्त चेंडू तारेपलीकडे गेला की मला खाली ठेवा आणि मागे फिरा. मला हाक मारता येत नाही.