कोरा आवाज

ताई साउंडची कामं करते. तिने दहादा बजावलं होतं, "आधी कोरा आवाज रेकॉर्ड कर, रिव्हर्बचा घुमारा नंतर घाल. एकदा आत गेलेला रिव्हर्ब बापजन्मी बाहेर निघत नाही."

पण ऐकेन तर शपथ! नव्या सिंथेसायझरची मिजास होती ना. आईचा माइक त्यातच लावला, रिव्हर्ब पूर्ण पिळला आणि तिथूनच वायर रेकॉर्डरला दिली.

"मी काय बोलू? चल, जेवून घे," एवढंच आई बोलली.

तिला जाऊन महिना झाला. तिच्या आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंग नाही. ताईने सगळे उपाय केले, मग हेडफोन काढून ठेवले.

जन्मभर दोन खोल्यांत वावरलेली आई आता कुठल्यातरी रिकाम्या सभागृहाच्या टोकावरून मला जेवायला बोलावते.